जवारी आणि डिस्टॉर्शन

तंबोरा नीट जुळला की खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो. चारपैकी एकही तार कुणी गंधाराला लावलेली नसते, तरी तो घुमत राहतो. म्हणून आपण त्याला स्वयंभू गंधार म्हणतो. ज्याच्या कानाला हा गंधार सापडलाय, त्याला न्यूयॉर्कमध्ये 1970 नंतर इलेक्ट्रिक गिटार आणि व्हायोलिन-चेलोसाठी लिहिलं गेलेलं प्रयोगशील संगीत परकं वाटू नये, असं मला मनापासून वाटतं. पहिल्यांदा ऐकताना तो गोंगाट वाटतो खरा. पण थोडा वेळ दिला की त्यातून स्वर वर येऊ लागतात.

रिस चॅटम या संगीतकाराची 1977 सालची रचना घ्या. नाव 'गिटार ट्रायो'. तीन इलेक्ट्रिक गिटारी आणि मुख्यतः एकच काम: खालची जाड 'ई' तार मोकळी छेडत राहायची. ही तार सेकंदाला सुमारे 82.4 वेळा कंप पावते. पण कुठलीही तार एकाच वेळी अख्खी हलते, दोन भागांत हलते, तीन भागांत, चार, पाच, सात भागांतही हलते. त्यामुळे मूळ कंपनसंख्येच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे उपस्वर त्याच तारेतून निघतात. ही तार षड्ज मानली तर तिसरा, म्हणजे तिप्पटीचा, उपस्वर पंचम आणि पाचवा, पाचपटीचा, आपला स्वयंभू गंधार. सातवा कोमल निषादाच्या जवळचा, पण त्याहून बराच उतरलेला. तार घोडीजवळ, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीजवळ, छेडली की वरचे उपस्वर उठतात, मध्याकडे सरकलं की ते मावळतात. चॅटमच्या रचनेतली 'चाल' म्हणायची तर ती हीच.

हे त्याला कुठून सुचलं? तो वाद्यं जुळवण्याचं काम करायचा आणि ला माँट यंग या अमेरिकन संगीतकाराकडे शिकला होता. यंग यांनी 1958 मध्येच व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो या तिघांसाठी दीर्घ, स्थिर स्वरांची एक रचना केली होती. पुढे ते किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचे शिष्य झाले. म्हणजे या गिटारींच्या मागे कुठेतरी तंबोरा आहेच.

आता डिस्टॉर्शन, म्हणजे इलेक्ट्रिक गिटारीचा मुद्दाम फाटवलेला, खरखरीत आवाज. गिटारीच्या पिकअपमध्ये, म्हणजे तारेची हालचाल टिपणाऱ्या भागात, चुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. पोलादी तार हलली की त्यांत वीज निर्माण होते. अँप्लिफायरला झेपेल त्यापेक्षा मोठा संकेत दिला की लहरींचे शेंडे छाटले जातात आणि मुळात नसलेल्या कंपनसंख्या तयार होतात, त्यांत दोन स्वरांमधली वजाबाकीसुद्धा. षड्ज 82.4 आणि पंचम 123.6 एकत्र वाजवले तर 41.2 चा स्वर मिळतो, म्हणजे एक सप्तक खालचा षड्ज! षड्ज-पंचमाची जोडी डिस्टॉर्शनमध्ये इतकी भरदार लागते ती यामुळे. पण गिटारीच्या पडद्यांवरचा गंधार स्वयंभू गंधारापेक्षा चढा असतो. 164.8 च्या षड्जाबरोबर तो 207.7 चा वाजतो आणि वजाबाकी येते 42.9. खालचा षड्ज 41.2 चा हवा होता. तळाशीच बेसूर, म्हणून वरचं सगळं गढूळ. चॅटमने मोकळी तार निवडली, यात मोठं शहाणपण होतं.

आपल्या तंबोऱ्यात जवारी, म्हणजे घोडीचा तार टेकते तो घासून बाकदार केलेला पृष्ठभाग, अशीच किमया करते. सर सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये हे दाखवलं. जिथे तार छेडाल तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू (त्या उपस्वरात न हलणारी जागा) असेल, तो उपस्वर उमटू नये, असा जुना नियम. तंबोऱ्यात तो उमटतो. कारण रुंद, किंचित बाकदार घोडीवर तार प्रत्येक कंपनात टेकते आणि उचलली जाते, आणि या टेकण्यात उपस्वरांना नव्याने बळ मिळतं. दोन्हीकडे गोष्ट एकच आहे: तारेच्या साध्या हालचालीत मुद्दाम आणलेला अडथळा.

गजाने वाजवलेली तार मात्र वेगळी वागते. राळ लावलेले केस तारेला धरून ओढतात, तार निसटते, पुन्हा पकडली जाते. तारेवर एक कोपरा पळत राहतो आणि प्रत्येक फेरीला एकदा ती निसटते. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात हे पाहिलं, आणि रामन यांनी 1918 मध्ये त्यावर सविस्तर लिहिलं. या शिस्तीमुळे गजाच्या तारेचे उपस्वर नेमक्या पटींत बांधले जातात. छेडलेल्या गिटारीत तसं होत नाही. तारेच्या ताठपणामुळे वरचे उपस्वर किंचित चढतात. दोन्ही वाद्यं एकत्र आली की जवळजवळच्या कंपनांमधून आंदोलनं उठतात. एक 412 आणि दुसरं 415 असेल तर आवाज सेकंदाला तीनदा फुलतो आणि ओसरतो. हा हेलकावा कुणी वाजवत नसतो. मला या संगीतात सगळ्यात सुंदर वाटतो तो हाच.

न्यूयॉर्कचेच संगीतकार इलियट शार्प यांनी 1980 च्या दशकात गिटार आणि तंतुवाद्यांच्या तारा फिबोनाची संख्यांच्या (1, 2, 3, 5, 8, 13... प्रत्येक संख्या आधीच्या दोघींची बेरीज) गुणोत्तरांत जुळवल्या. 3:2 हा आपला पंचम. 5:3 शुद्ध धैवत, 8:5 कोमल धैवत. पुढचं गुणोत्तर 13:8, आणि तो स्वर या दोन धैवतांच्या मधोमध कुठेतरी पडतो. पेटीवर तो वाजवता येत नाही, चेलोवर येतो.