टॉलर की हायर?

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील मराठी घरांत वाढलेल्या मुलांना इंग्रजीतील ‘टॉलर’ आणि ‘हायर’ हे शब्द एकच वाटतात, कारण आपले काम दोन्हीकडे ‘जास्त उंच’ एवढ्यावर भागते. वास्तविक ‘टॉलर’ म्हणताना वस्तूची पायापासून माथ्यापर्यंतची स्वतःची उंची मोजलेली असते, तर ‘हायर’ म्हणताना बहुधा ती वस्तू किती वर आहे हे पाहिलेले असते. किल्ल्याच्या उरवाई घाटातील कड्यात कोरलेली आदिनाथांची सुमारे 57 फुटांची मूर्ती वरच्या तटावर उभ्या असलेल्या पहारेकऱ्यापेक्षा कितीतरी ‘टॉलर’ आहे, पण ‘हायर’ आहे तो पहारेकरीच. खाली शहरात 1874 मध्ये उभा राहिलेला जयविलास महाल आणि गडावरची एखादी बैठी चौकी यांचाही हिशेब असाच लागतो.

डोंगर आणि भिंत यांना मात्र स्वतःची उंची मोजतानाही सहसा ‘हायर’च लावतात, ‘टॉलर’ शोभतो तो माणूस, झाड, मनोरा अशा रुंदीच्या मानाने उंच असणाऱ्यांना. भाव, पगार आणि हुद्दा यांना तर ‘हायर’च चालतो, म्हणून सख्ख्या भावाच्या उंचीविषयी तो शब्द वापरला की ऐकणाऱ्याला हुद्द्याचा भास होतो. ही चूक मुलांच्या वहीत वेळीच दुरुस्त व्हायला हवी.

‘हाय’ हा जुना जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-जर्मन यांच्या भाषाकुळातला शब्द असून त्याचा मूळ अर्थ उंच असाच आहे. ‘टॉल’चा प्रवास अधिक वेधक आहे: जुन्या इंग्रजीतील त्याच्या पूर्वजाचा अर्थ चपळ, तत्पर असा होता, पुढे तो देखणा, मग शूर अशा अर्थांनी वापरला गेला आणि उंचीचा अर्थ सोळाव्या शतकात रुळला. हा शब्द माणसाच्या अंगाला इतका चिकटून आहे, त्याचे मूळ मला या प्रवासातच दिसते.

दोन्ही शब्दांच्या शेवटचा ‘अर’ पाहून ‘उच्चतर’मधील ‘तर’ आठवणे स्वाभाविक आहे, परंतु ते नाते खरे नाही. हा ‘अर’ संस्कृतातील ‘ईयस्’ प्रत्ययाचा, म्हणजे ‘स्वर्गादपि गरीयसी’मधील ‘गरीयसी’चा भाऊबंद आहे, जर्मानिक भाषांत मूळच्या ‘स’चा आधी ‘झ’ आणि नंतर ‘र’ झाला. ‘तर’चे इंग्रजीतील खरे नातेवाईक ‘अदर’ आणि ‘व्हेदर’ या शब्दांत आहेत, आणि त्यांतला ‘व्हेदर’ म्हणजे दोहोंपैकी कोणता असे विचारणारा संस्कृत ‘कतर’ होय.