पुरुष प्रजननसंस्था

शुक्राणू तयार करणे, ते स्त्रीच्या शरीरापर्यंत पोहोचवणे आणि पुरुषी संप्रेरक रक्तात सोडणे ही कामे करणारी शरीरसंस्था. वृषणे, अधिवृषणे, शुक्रवाहिन्या, रेताशय, पुरःस्थ ग्रंथी म्हणजेच प्रोस्टेट, मूत्रमार्ग आणि शिश्न हे तिचे अवयव.

कोल्हापूर भागात ती समजावून सांगायची तर गोठ्यापासून सुरुवात केलेली बरी. खोंडाला औताला जुंपण्याआधी खच्ची करतात. पूर्वी बडवत असत, आता पशुवैद्य चिमटा लावतात. कातडी फाटत नाही, रक्त येत नाही. वृषणाच्या वर हाताला जो दोर लागतो, तोच कातडीवरून चिमट्यात धरून दाबतात. आधी एका बाजूचा, मग दुसऱ्या. त्या दोरात रक्तवाहिन्याही असतात आणि शुक्रवाहिनीही. रक्त तुटल्यावर वृषण हळूहळू सुकते. पैदास तर थांबतेच, शिवाय खोंडाची मस्ती उतरते आणि वळूसारखे भरदार वशिंड त्याला येत नाही. एकाच चिमट्यात दोन्ही गेल्याचे ज्याने लहानपणी पाहिले, त्याच्या डोक्यात वीर्य आणि मर्दानगी एकाच दोराला बांधलेली राहतात. प्रत्यक्षात या दोन गोष्टींच्या वाटा वेगळ्या आहेत.

वृषण. प्रौढ पुरुषाचे वृषण सुमारे 4 ते 5 सेंमी. लांब असते. आत साधारण 250 कप्पे आणि त्यांत केसासारख्या बारीक, गुंडाळलेल्या नलिका असतात. सगळ्या उलगडून जोडल्या तर लांबी काहीशे मीटर भरेल. नलिकांच्या भिंतीत शुक्राणू घडतात. त्यांना पोसणाऱ्या पेशींचे वर्णन एन्रिको सेर्टोली यांनी 1865 मध्ये केले. नलिकांच्या मधल्या जागेत वेगळ्याच पेशी असतात. फ्रान्झ लायडिग यांनी त्या 1850 मध्ये दाखवल्या, आणि टेस्टोस्टेरॉन त्या तयार करतात. शुक्राणू नलिकेतून बाहेरच्या वाटेला लागतात, टेस्टोस्टेरॉन मात्र थेट रक्तात मिसळते. दाढी-मिशा, आवाजाचा घोगरेपणा, स्नायूंची भर आणि कामेच्छा हे सगळे त्या रक्तातल्या वाटेचे काम.

दोन्हींची सूत्रे मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीकडे असतात. रक्तात टेस्टोस्टेरॉन पुरेसे झाले की ती आपले हुकूम कमी करते. शरीर कमावण्यासाठी बाहेरून स्टेरॉइडची इंजेक्शने घेणाऱ्याचे इथेच फसते. पीयूषिकेला वाटते माल भरपूर आहे, ती गप्प बसते. दंड फुगतात, वृषणे लहान होतात आणि शुक्राणूंची निर्मिती जवळजवळ बंद पडते.

वृषणे बाहेर का लोंबतात? शुक्राणू घडायला शरीरापेक्षा 2 ते 3 अंश सेल्सिअस कमी तापमान लागते. म्हणून गर्भातल्या बाळाच्या पोटात तयार झालेली वृषणे शेवटच्या महिन्यांत जांघेतून खाली उतरतात. थंडीत पिशवी आक्रसून ती वर ओढली जातात, उकाड्यात सैल सुटतात. पोटातून येणाऱ्या धमनीभोवती शिरांचे जाळे असते. परतीचे थंड रक्त येणारे गरम रक्त वाटेतच निववते. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत पाळीभर भट्टीसमोर उभे राहणाऱ्यांना, मांडीवर तापलेला लॅपटॉप घेऊन बसणाऱ्यांनाही, हे माहीत असावे. सततच्या उष्णतेने शुक्राणूंची संख्या घटू शकते. बहुधा ती पुन्हा भरून येते. एक शुक्राणू घडायला सुमारे 74 दिवस लागतात, त्यामुळे आजच्या जोराच्या तापाचा परिणाम दोन-तीन महिन्यांनंतरच्या तपासणीत दिसतो.

बाळाचे एक वृषण खाली उतरले नसेल तर ‘मोठा झाला की येईल’ म्हणून थांबू नये. सहा महिन्यांपर्यंत न उतरल्यास सहसा ते आपोआप उतरत नाही. वर्ष-दीड वर्षाच्या आत शस्त्रक्रिया करतात.

वाट आणि वीर्य. वृषणाच्या पाठीला चिकटलेल्या अधिवृषणात, म्हणजे सुमारे 6 मीटर लांबीच्या एकाच गुंडाळलेल्या नळीत, शुक्राणू पोहायला शिकतात. पुढे शुक्रवाहिनी जांघेतून वर चढून मूत्राशयामागे जाते आणि प्रोस्टेटमधून मूत्रमार्गाला मिळते. एका वेळच्या वीर्यात, म्हणजे साधारण 2 ते 5 मिलिलिटरमध्ये, सुमारे दोन तृतीयांश द्रव रेताशयाचा असतो. त्यात शुक्राणूंचे इंधन म्हणून फ्रुक्टोज साखर असते. उरलेला बराचसा प्रोस्टेटचा. खुद्द शुक्राणूंचा वाटा जेमतेम दोन-पाच टक्के. शिश्नात हाड नसते, स्पंजासारख्या ऊतीत रक्त कोंडल्याने ते ताठ होते.

तालमीतले समज. गंगावेस असो की मोतीबाग, ‘लंगोटाचा पक्का’ हे तिथले मोठे बिरुद. शुक्र हा सातवा आणि सर्वांत सारभूत धातू, हा आयुर्वेदाचा विचार; ‘चाळीस थेंब रक्ताचा एक थेंब’ हा हिशेब त्यालाच लोकांनी जोडला. वीर्य रक्त आटवून होत नाही आणि ते साठवून दंडात भरत नाही. न वापरलेले शुक्राणू शरीर मोडून शोषून घेते, झोपेत स्खलन झाले तरी काही घटत नाही. पैलवानाला बळ देणारे टेस्टोस्टेरॉन त्या वाटेने बाहेर जातच नाही. पथ्य पाळणाऱ्याला शिस्त, झोप आणि एकचित्ताचा फायदा होत असेल, तो वेगळा. लंगोटाचे शरीरशास्त्रीय काम साधे आहे, हौदातल्या झटापटीत वृषणे सांभाळण्याचे. मेहनत झाली की तो सोडावा.

नसबंदी आणि खच्ची. ‘म्हंजे आमाला बैलच करतायसा की’ ही भीती गोठ्यातून आलेली. पुरुष नसबंदीत फक्त शुक्रवाहिन्या कापून बांधतात; रक्तवाहिन्यांना हात लागत नाही, म्हणून वृषण सुकत नाही आणि टेस्टोस्टेरॉन पूर्वीसारखेच रक्तात जात राहते. वीर्यही जवळपास तेवढेच येते, त्यात फक्त शुक्राणू नसतात. मात्र वाटेत आधीचे शुक्राणू उरलेले असल्याने सुमारे तीन महिने, वीर्यतपासणी होईपर्यंत, दुसरे साधन वापरावे लागते.

विकार. डाव्या बाजूच्या शिरा फुगणे, पिशवीत पाणी साठणे, वयात आल्यानंतर झालेल्या गालगुंडाने वृषण सुजणे आणि उतारवयात प्रोस्टेट वाढून लघवी अडणे हे नेहमी आढळणारे विकार. सर्वांत घाईचा म्हणजे वृषणाला पीळ पडणे. तो मुख्यतः किशोरवयात, कधी झोपेतही होतो: एकाएकी असह्य कळ येते, उलटी होते, वृषण वर ओढल्यासारखे दिसते. खेळताना मार बसला असेल म्हणून हळद-तेल लावण्यात रात्र घालवली तर सकाळपर्यंत ते हातचे जाते. साधारण सहा तासांच्या आत पीळ सोडवला तर बहुतेकदा वाचते.