फरक नऊने भागतोय का बघा!

मार्चअखेर सोसायटीचा हिशेब जुळत नाही, फरक २,७०० रुपयांचा. आपण सगळ्या पावत्या पहिल्यापासून उपसायला बसतो. काळबादेवीत किर्द-खतावणीवर आयुष्य काढलेला मुनीम आधी फरकाला नऊने भागून बघेल. निःशेष भाग गेला, तर कुठेतरी दोन अंकांनी जागा बदलल्या असाव्यात हा त्याचा पहिला संशय.

यामागे आहे स्थानिक किंमत. दशकस्थानी अ आणि एककस्थानी ब असेल, तर संख्या १०अ + ब. उलटली की १०ब + अ. वजाबाकी ९(अ − ब). हाच घोळ हजार आणि शतकस्थानी झाला, तर फरक ९००(अ − ब). आपले २,७०० म्हणजे ९०० × ३. म्हणजे हजार आणि शतकस्थानच्या अंकांत तीनचा फरक असलेल्या नोंदीच तपासायच्या: ५,८०० चे ८,५०० झालेत का, ४,७०० चे ७,४००? ३,००० लिहिताना एक शून्य खाल्लं, तरी फरक २,७००च. ३,००० आणि ०,३०० ही ३ आणि ० ची अदलाबदलच की! (कुणाची २,७०० ची पावतीच नोंदवायची राहिली असेल, तर मात्र बीजगणित हात टेकतं.)

दहावीला येतं ते उदाहरण हेच: अंकांची बेरीज ११, अदलाबदल केली की संख्या २७ ने वाढते. ९(ब − अ) = २७, म्हणून ब − अ = ३; अ + ब = ११; उत्तर ४७. मुलं अडतात ती समीकरण सोडवताना नाही, तर संख्या 'अ + ब' अशी मांडून बसतात तिथे.

देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर याच खेळात रमले. उतरत्या क्रमाने लावलेल्या अंकांतून तेच अंक चढत्या क्रमाने लावून वजा करा: ७६४१ − १४६७ = ६१७४; ६१७४ चे अंक उतरत्या क्रमाने लावा, पुन्हा ७६४१! अंक कसेही फिरवा, फरक नऊच्या पटीतच येणार, कारण १०, १००, १००० या सगळ्यांना नऊने भागलं की बाकी १ उरते.

गाडीच्या नंबराची बेरीज 'शुभ' यावी म्हणून आरटीओत जादा पैसे मोजणाऱ्यांचा अंकही हाच: नऊने भागून उरलेली बाकी (शून्य उरलं तर ९). २५ ची बेरीज ७. आपल्याला आठच बोटं असती, तर आपण आठाआठाने मोजलं असतं, तीच संख्या ३१ (तीन आठ आणि एक) अशी लिहिली असती आणि बेरीज आली असती ४. गाडी तीच, रस्ता तोच, खड्डेही तेच.