फुफ्फुसातील लहान गाठ : शस्त्रक्रिया की किरणोपचार?

फुफ्फुसाचा कर्करोग पहिल्या टप्प्यात, म्हणजे गाठ लहान असताना आणि लसिकाग्रंथींपर्यंत (लिम्फ नोड, जिथे कर्करोग बहुधा आधी पसरतो) रोग पोहोचलेला नसताना सापडला, तर तो पूर्ण बरा होण्याची चांगली शक्यता असते. अशा वेळी दोन मार्ग असतात : गाठीसह फुफ्फुसाचा काही भाग शस्त्रक्रियेने काढणे, किंवा अचूक नेम धरून मोठ्या मात्रेचे किरण मोजक्या बैठकांत देणे. यांतला सरस कोणता, हे रुग्ण किती वर्षे जगले त्यावरून सहज ठरेल असे वाटते, पण ही तुलना फसवी आहे, कारण दोन्ही उपचार बराच काळ वेगवेगळ्या प्रकृतीच्या माणसांना मिळत आले.

दुसऱ्या उपचाराला स्टीरिओटॅक्टिक किरणोपचार म्हणतात. शरीरातील गाठींसाठी तो 1990च्या दशकात स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयात आकाराला आला. श्वासाबरोबर गाठ किती सरकते हे सीटी स्कॅनवर आधी मोजले जाते आणि मग अनेक दिशांनी येणारे किरण तिच्यावरच एकवटतात. अमेरिकेतील एका बहुकेंद्री अभ्यासात शस्त्रक्रिया न झेपणाऱ्या 55 रुग्णांना प्रत्येकी 18 ग्रेच्या (ग्रे हे किरणमात्रेचे एकक) तीन मात्रा दिल्या गेल्या. 2010मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन वर्षांनी मूळ गाठ सुमारे 98 टक्के रुग्णांत आटोक्यात होती, तरीही हयात होते सुमारे 56 टक्केच. काहींत रोग दूरवर पसरला होता आणि अनेकांचा मृत्यू इतर आजारांनी झाला. हा आकडा धडधाकट माणसांच्या शस्त्रक्रियेच्या निकालाशेजारी ठेवणे अन्यायाचे आहे.

यावर उपाय एकच, तो म्हणजे शस्त्रक्रिया झेपेल अशा रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत विभागणी करणे. तसे प्रयत्न झाले, पण जिवाचा निर्णय नशिबावर सोडायला फार थोडे तयार झाले, आणि ते साहजिकच आहे. ‘स्टार्स’ आणि ‘रोझेल’ या दोन चाचण्या अर्ध्यावर थांबल्या. दोन्हींतले मिळून 58 रुग्ण 2015मध्ये एकत्र तपासले, तेव्हा तीन वर्षांनी किरणोपचार गटात 95 टक्के, तर शस्त्रक्रिया गटात 79 टक्के हयात होते. तेव्हा या निष्कर्षाचा फार गवगवा झाला, पण इतक्या थोड्या रुग्णांवरून शस्त्रक्रिया मागे पडली असे म्हणणे मला घाईचे वाटते. पुढे ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन केंद्राने शस्त्रक्रियायोग्य 80 रुग्णांना किरणोपचार दिले. 2021च्या अहवालात पाच वर्षांनी त्यांतले 87 टक्के हयात होते, आणि तशाच प्रकृतीच्या, दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांत हे प्रमाण 84 टक्के होते. हे आश्वासक असले तरी इथेही चिठ्ठ्या टाकून विभागणी झालेली नव्हती.

शस्त्रक्रियेची एक बाजू या टक्केवारीत पुरती दिसत नाही. शल्यविशारद आसपासच्या लसिकाग्रंथीही काढतो, आणि स्कॅनवर न दिसलेला प्रसार कधीकधी त्यांत सापडतो, ज्यामुळे पुढील औषधोपचाराची दिशाच बदलते. शिवाय शस्त्रक्रिया स्वतःही आवरती होत आहे : दोन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींसाठी फुफ्फुसाच्या पूर्ण खंडाऐवजी त्या खंडाचा एक विभाग काढणे पुरते, असे जपानमधील 1,106 रुग्णांच्या चाचणीने 2022मध्ये दाखवले. किरणोपचारात भूल नाही, छेद नाही आणि रुग्णालयात राहणेही नाही. मात्र मुख्य श्वासनलिकांना लागून असलेल्या गाठीत इतक्या मोठ्या मात्रा जीवघेण्या ठरू शकतात, आणि नंतर फुफ्फुसात उरणारा व्रण पुन्हा उद्भवलेल्या रोगासारखा दिसून डॉक्टरांनाही पेचात टाकतो.

आपल्याकडे यात आणखी एक गोष्ट येते. क्षयाची गाठही पेट स्कॅनवर (पेशी किती साखर शोषतात हे दाखवणारी तपासणी) कर्करोगासारखी उजळू शकते. शस्त्रक्रियेत काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली जातो आणि निदान पक्के होते. किरणोपचारात तशी संधी नंतर मिळत नाही. म्हणून जिथे क्षय इतका पसरलेला आहे, तिथे शक्य असेल तर बायोप्सी (सुईने गाठीचा तुकडा काढून तपासणी) केल्यावाचून किरणोपचार सुरू करू नयेत, आणि छातीचा शल्यविशारद व किरणोपचारतज्ज्ञ या दोघांनीही तोच स्कॅन पाहिल्याखेरीज रुग्णाने होकार देऊ नये.