डीफॉल्ट एन्व्हायर्नमेंट (यू-बूट)

यू-बूट या बूटलोडरच्या (यंत्रणा सुरू होताना चालून ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) बायनरीत, म्हणजे चालवण्यायोग्य फाइलीत, बांधणीच्या वेळीच समाविष्ट केलेला चलांचा (नाव व मूल्य अशा जोड्यांचा) मूळ संच. एम्बेडेड यंत्रणेत (उपकरणात बसवलेल्या संगणकात) कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, कोठून वाचायचा, तो मेमरीत कोणत्या पत्त्यावर ठेवायचा आणि त्याला कोणते पर्याय द्यायचे, हे यू-बूट चलांवरून ठरवतो. साठवलेली चले वाचता आली नाहीत, तर तो या संचावर येतो. यू-बूटचे मूळ पॉवरपीसी प्रोसेसरांसाठीच्या पीपीसीबूट प्रकल्पात असून, वोल्फगांग डेंक यांच्या नेतृत्वाखाली त्याला २००२ मध्ये सध्याचे नाव मिळाले.

चले फ्लॅश, ईईप्रॉम किंवा ईएमएमसी अशा वीज गेल्यावरही टिकणाऱ्या मेमरीत ‘नाव=मूल्य’ अशा ओळींच्या रूपात साठवलेली असतात. प्रत्येक ओळीअखेर एक शून्य बाइट आणि सर्वांच्या शेवटी आणखी एक शून्य बाइट असतो. सुरुवातीच्या ४ बाइटांत ३२ बिटांची सीआरसी बेरीज, म्हणजे मजकूर शाबूत आहे का हे तपासण्यासाठी त्यावरूनच काढलेली संख्या, असते. यंत्रणा सुरू होताना यू-बूट ही बेरीज पुन्हा काढतो आणि ती जुळली नाही, तर सीरियल कन्सोलवर (सीरियल तारेने जोडलेल्या पडद्यावर) इशारा छापून मूळ संच वापरतो. कोऱ्या बोर्डावर हा इशारा हमखास दिसतो व नवशिक्यांना घाबरवतो, पण तेथे तो दोष नव्हे. चले साठवत असतानाच वीज गेली तरीही हीच अवस्था येते. म्हणून अनेक उत्पादनांत चलांच्या दोन प्रती ठेवतात आणि त्यांपैकी शाबूत असलेली ताजी प्रत वापरली जाते.

मूळ संचातील सर्वांत महत्त्वाचे चल ‘बूटसीएमडी’ होय, कारण वापरकर्त्याने मध्ये कळ दाबली नाही, तर त्यातील आज्ञा आपोआप चालतात. कळीची वाट किती सेकंद पाहायची हे ‘बूटडिले’ सांगते. त्याचे मूल्य उणे १ असल्यास स्वयंचलित बूट बंद राहते. ‘बूटआर्ग्ज’ या चलातील पर्याय कर्नलला दिले जातात व लिनक्स चालू झाल्यावर ‘प्रॉक’ या कर्नलची माहिती दाखवणाऱ्या फाइलप्रणालीत वाचता येतात. जाळ्यात बोर्डाची ओळख असणारा मॅक पत्ता ज्यात असतो, ते ‘इथॲडर’ मात्र मूळ संचात घालू नये, कारण त्यामुळे एकाच बायनरीचे सर्व बोर्ड जाळ्यात एकच मॅक पत्ता घेऊन उभे राहतात.

मूळ संच बदलून नवी बायनरी चढवली, तरी साठवलेली जुनी चले वैध असतील, तर यू-बूट तीच वाचतो, आणि केलेला बदल कोठे गेला हे शोधण्यात वेळ जातो. अशा वेळी ‘एन्व्ह डीफॉल्ट’ ही आज्ञा सर्व चलांसाठी देऊन मग ‘सेव्हएन्व्ह’ या आज्ञेने ती साठवावी लागतात.

सीआरसी अपघाती बिघाड ओळखते, हेतुपुरस्सर केलेला फेरफार नाही. त्यामुळे बायनरीची डिजिटल स्वाक्षरी तपासून बूट होणाऱ्या काही उत्पादनांत चले बाहेर साठवण्याची सोयच काढून टाकतात आणि प्रत्येक वेळी स्वाक्षरीच्या कक्षेत येणारा बायनरीतील मूळ संचच वापरतात.