उजनी मायनसमध्ये जाते म्हणजे नेमकं काय होतं? सहलीआधी पोरांना सांगायच्या गोष्टी

सोलापुरात जुलै-ऑगस्ट आला की पेपर, व्हॉट्सअप, चहाची टपरी सगळीकडे एकच विषय, उजनी धरण किती टक्के भरलं. पोरं हे जन्मापासून ऐकतायत. पण शाळेची सहल धरणावर गेली की बघतात काय, तर दरवाजे, फोटो, डबा, अंताक्षरी आणि परत. शंभरेक किलोमीटर बस पळवून एवढंच करायचं असेल तर हिप्परग्याचा तलाव काय वाईट आहे वो, तो तर गावाला लागूनच आहे आणि १८७१ पासून तिथंच आहे.

म्हणून माझं म्हणणं असंय की जायच्या आधी आठवडाभर वर्गात एकच प्रश्न फळ्यावर राहू द्या, शून्याच्या खाली पाणी कसं असतं? उन्हाळ्यात बातमी येते ‘उजनी वजा ३० टक्के’ आणि पावसाळ्यात तीच उजनी ‘१११ टक्के’ होते, आता गणिताच्या तासाला शिकलेलं पोर हे ऐकून गोंधळणारच की.

घरातला तोटीचा माठ आठवायला सांगा. तोटी कधी अगदी बुडाला नसते, थोडी वर असते, त्यामुळं धार बंद झाली तरी खाली पाणी उरतंच. धरणाचं तसंच. ठराविक पातळीच्या खालचं पाणी कालव्यात आपोआप जाऊ शकत नाही, त्याला मृत साठा म्हणतात, आणि वरचा तो उपयुक्त साठा. उजनीत मृत साठा आहे ६३.६६ टीएमसी आणि उपयुक्त ५३.५७, म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी तोटीच्या खाली! आणि टक्के मोजतात ते फक्त वरच्या ५३.५७ वर. शून्य टक्के म्हणजे धरण कोरडं असं नाहीच. वजा ३० म्हणजे मृत साठ्यातलं १६ टीएमसी गेलं, अजून साडेसत्तेचाळीस टीएमसी आत आहे. हे गणित पोरांनाच करू द्या. (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, लिटरमध्ये साधारण २,८३१ कोटी.) १११ टक्क्यांचं कोडंही इथंच सुटतं, नेहमीच्या पूर्ण पातळीच्या वर थोडं जास्तीचं पाणी अडवता येतं, तेव्हा एकूण साठा १२३ टीएमसीपर्यंत जातो.

मग चालू वर्गात कुणीतरी हुशार विचारतंच, तोटीच्या खालचं कुठं जातं मग? जातं की, आपणच पितो. प्यायला म्हणून भीमेत सोडलेलं पाणी नदीनं वाहत औज बंधाऱ्यापर्यंत येतं आणि तिथून सोलापूरला. दुसरं पाइपलाइनीनं थेट धरणातून येतं, आणि पातळी फार खाली गेली की पेपरात ‘दुबार पंपिंग’ हा शब्द दिसायला लागतो, म्हणजे पाणी आधी एका पंपानं उचलून जॅकवेलपर्यंत, म्हणजे मुख्य पंपांच्या विहिरीपर्यंत, आणायचं आणि मग पुढं. शिवाय काठावरच्या शेतकऱ्यांच्या मोटारी आहेत. आणि ऊन आहे, त्याचा हिशेब कुणी डोक्यात घेत नाही.

ऊन महत्त्वाचं का, तर उजनी पसरट आहे. उपयुक्त साठ्याची खालची पातळी समुद्रसपाटीपासून ४९१.०३ मीटर आणि वरची ४९६.८३, फरक फक्त ५.८ मीटर. शाळेच्या गच्चीवरून १९ फुटांची दोरी खाली सोडून दाखवा, एवढ्याच उंचीत आख्ख्या जिल्ह्याची भांडणं मावलेली आहेत. पाणी उथळ आणि पसरलेलं असलं की वाफ जास्त होते. तांब्याभर पाणी परातीत ओता आणि तेवढंच तांब्यात ठेवा, दोन्ही सोलापूरच्या उन्हात, दुसऱ्या दिवशी पोरं स्वतःच बोलतील. एक चौरस किलोमीटरवरून एक मिलिमीटर पाणी उडालं तर ते दहा लाख लिटर होतं. आता धरू २०० चौरस किलोमीटर आणि दिवसाला ८ मिलिमीटर, झाले १६० कोटी लिटर, एका दिवसात, आणि कुणी नळ उघडलाही नाही.

पाणी येतं कुठून हेही नकाशावर बोट ठेवून दाखवाच. आपल्याकडं आभाळ कोरडं असताना उजनी भरते, कारण पाऊस पडतो तिकडं भीमाशंकर, मावळ, मुळशीच्या डोंगरात. भीमा, इंद्रायणी, मुळा-मुठा, घोड अशा नद्या ते घेऊन येतात, म्हणून तर धरणाच्या वरच्या अंगाला दौंडला विसर्ग किती क्युसेक (म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी) हे आपण इथं बसून बघतो. पण त्याच नद्या पुणे-पिंपरीचं सांडपाणीही आणतात. त्यातलं नायट्रोजन आणि फॉस्फरस म्हणजे शेवाळाला फुकटचं खत, मग पाणी हिरवं होतं, जलपर्णी माजते. दिवसा शेवाळ ऑक्सिजन सोडतं पण रात्री तेही श्वास घेतं, म्हणून पहाटे पहाटे ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो आणि मासे वर येऊन तोंड मारताना दिसतात.

हे मोजायला भारी यंत्र लागत नाही. स्टीलच्या ताटलीचे चार भाग करून एकाआड एक काळे-पांढरे रंगवा, मधे भोक, खाली वजन, दोरीला दर १० सेंटिमीटरला गाठ. पाण्यात सोडायची आणि दिसेनाशी झाली की गाठी मोजायच्या. वैज्ञानिक याला सेक्की डिस्क म्हणतात. दोरी मात्र सरांच्या हातात, पोरं काठापासून लांब, बोटीत लाइफ जॅकेटशिवाय कुणी बसायचं नाही, यावर चर्चा नको.

आता मजेची गोष्ट. पातळी उतरायला लागली की आपल्या पोटात गोळा येतो, पण रोहित पक्ष्यांचं, म्हणजे फ्लेमिंगोंचं, तेव्हाच जमतं. उघडा पडलेला चिखल आणि वीतभर पाणी हेच त्यांचं ताट. चोच उलटी करून पाण्यात घालतात, जिभेनं पाणी आत-बाहेर करतात आणि चोचीतल्या चाळणीत बारीक जीव अडकतात. गुलाबी रंगही खाण्यातल्या कॅरोटिनॉइड्स नावाच्या रंगद्रव्यांमुळं, पिल्लं राखाडीच असतात. धरण काठोकाठ असताना गेलात तर ते दिसायची आशा सोडा.

त्यामुळं तारीख ठरवताना आधी ठरवा काय बघायचंय. दरवाज्यांतून पाणी पडताना बघायचं तर ऑगस्ट-सप्टेंबर, धरणाच्या भिंतीजवळचं भीमानगर. पक्षी बघायचे तर फेब्रुवारी-मार्च, धरणाच्या फुगवट्याकाठचं, भिगवणजवळचं कुंभारगाव, तिथले मच्छीमारच बोटीतून नेतात. दोन्ही एका दिवसात होत नाही. मला विचाराल तर फेब्रुवारी, गॅदरिंग झालेलं असतं, परीक्षा लांब असते. फक्त बस पहाटे चारला काढा, कारण भिगवण सोलापूरहून दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि ऊन चढलं की पक्षी लांब सरकतात.