पार्किन्सन्समध्ये तोल जातो म्हणून चक्करेची गोळी? नको!

"तोल जातोय? कानाचं असणार, चक्करेची गोळी द्या." पार्किन्सन्सच्या (कंपवाताच्या) रुग्णांच्या घरी हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे आणि धोक्याचाही. सिनारिझिन, फ्लुनारिझिन, प्रोक्लोरपेराझिन ही चक्कर-उलटीवरची औषधं मेंदूतल्या डोपामिनचं, म्हणजे हालचाली सुरळीत ठेवणाऱ्या आणि या आजारात आधीच कमी पडणाऱ्या रसायनाचं, काम अडवतात, त्यामुळे पार्किन्सन्स बळावू शकतो. यातली गोळी चालू असेल तर न्यूरॉलॉजिस्टना लगेच दाखवा.

या आजारात बहुधा कान नव्हे, तर तोल सावरण्याची मेंदूची प्रतिक्षिप्त क्रिया मंदावते. ती तपासायला यंत्र लागत नाही. डॉक्टर पाठीमागे उभे राहतात, आधी सांगून दोन्ही खांदे झटकन मागे ओढतात. निरोगी माणूस एक-दोन पावलांत सावरतो. पार्किन्सन्सचा रुग्ण मागे मागे जात राहतो, कधी ओंडक्यासारखा कोसळतो, म्हणून डॉक्टर झेलायच्या तयारीत असतात. घरी हे करून पाहू नका.

उभं राहताच अंधारी येते? मग आडवं असताना आणि उभं राहिल्यावर ३ मिनिटांच्या आत रक्तदाब मोजा. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला, तर डॉक्टरांना कळवा. कुशीवर वळताना खोली गरगरली, तर मात्र कान जरूर तपासा. तो त्रास डोक्याच्या ठरावीक हालचाली करवून घेऊन बहुधा गोळीशिवाय जातो.